खाम, नहर आणि नळ : मराठवाड्यातील नदीरक्षणाची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात महमूद दरवाज्याजवळच्या पुलावर उभे राहिले की पाण्याची दोन रूपे एकाच वेळी दिसतात. एका बाजूला पाणचक्कीचा हौद आहे, ज्यात डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून उंचावरून सोडलेले असे. आणि पुलाखाली खाम नदी आहे, जिला शहरातले कित्येक जण आजही ‘नाला’च म्हणतात. दोन्ही पाणी आले ते शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतूनच. मग एक शतकानुशतके जपले गेले आणि दुसऱ्यात सांडपाणी सोडण्यात आपल्याला काही वावगे वाटेनासे झाले, हे कसे घडले? अलीकडच्या नदी-स्वच्छतेच्या मोहिमा समजून घ्यायच्या तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

मराठवाडा हा पर्जन्यछायेचा आणि काळ्या पाषाणाचा प्रदेश आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, तेही बेताचेच. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण होती, आणि त्याने काढलेला मार्ग आजही थक्क करतो. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली बोगदा खणून त्यात आजूबाजूचा पाझर गोळा करायचा, ठरावीक अंतरावर हवा आणि सफाईसाठी उभी विवरे ठेवायची, आणि केवळ उताराच्या जोरावर ते पाणी वस्तीतल्या हौदांपर्यंत न्यायचे, अशी ही नहर-ए-अंबरीची रचना होती. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या. 18 व्या शतकातील पाणचक्कीने तर अशाच एका नहरीच्या पाण्यावर शेजारच्या दर्ग्यातील फकीर आणि वाटसरूंसाठी पीठ दळले. नहरीतला गाळ काढला नाही तर मोहल्ल्याचा हौद कोरडा पडतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

ग्रामीण मराठवाड्यात हेच काम बारवांनी केले. परभणी जिल्ह्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव अनेक वर्षे गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती; ती गावकऱ्यांनी अलीकडे स्वतः उपसून काढली आणि पायऱ्या पुन्हा उजेडात आल्या. बारवेत पाण्याची पातळी खाली गेली की एकेक पायरी उघडी पडते, म्हणजे पाणी भरणाऱ्या बाईला घागर बुडवतानाच यंदा किती दिवसांचे पाणी उरले आहे याचा अंदाज येत असे. नळाच्या तोटीतून असा हिशेब दिसत नाही, आणि माझ्या मते आपल्या नद्यांच्या दुर्दशेचे मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे 102 टीएमसी (अब्ज घनफूट) साठवणुकीच्या नाथसागराने, म्हणजे या धरणाच्या जलाशयाने, मराठवाड्याला शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी दिले, शंभराहून अधिक गावांनी त्यासाठी आपली जमीन दिली. त्या ऋणाचा विसर पडता कामा नये. परंतु त्याचबरोबर एक गोष्ट नकळत घडली. पैठणहून पाणी उपसून शहरात येऊ लागले आणि दाराशी वाहणारी खाम पिण्याच्या हिशेबातून बाद झाली. जिचे पाणी कोणी पीत नाही तिच्यात मैला सोडला तरी कोणी हटकत नाही. शहर चहूबाजूंनी वाढले, ओढ्यांवर घरे उभी राहिली, आणि सांडपाण्याला सर्वांत स्वस्त वाट मिळाली ती नदीपात्राची. यातील सर्वांत क्लेशदायक बाब अशी की खाम पुढे वाहत जाऊन गोदावरीला नाथसागराच्याच फुगवट्यात मिळते. म्हणजे शहर ज्या जलाशयातून पाणी पिते, त्याच जलाशयाच्या दिशेने आपले सांडपाणी पाठवते.

कायद्याची उणीव होती असे म्हणता येत नाही. केंद्राचा जलप्रदूषण कायदा 1974 चा असला तरी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा 1969 मध्येच केला होता. पण सार्वजनिक चर्चेत राहिला तो पाण्याच्या वाट्याचा प्रश्न, गुणवत्तेचा नव्हे: वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचे यावर वर्षानुवर्षे न्यायालयात वाद झाले. 2016 मध्ये मांजरा धरण आटले, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेचे पात्र रुंद आणि खोल करण्याचे काम हाती घेतले. हा लोकसहभाग मोलाचा होता. तथापि अशा कामात एक मर्यादा पाळावी लागते, ती इथे स्पष्टपणे नोंदवली पाहिजे: गाळ काढणे हिताचे असते, पण त्याखालचा वाळूचा आणि मुरमाचा थरही खरवडला तर पाणी धरून ठेवणारी जागाच नाहीशी होते आणि काठच्या विहिरींचे पाणी उलट पात्राकडे ओढले जाते.

खाम पुनरुज्जीवन मोहीम या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली, ती या पार्श्वभूमीवर. महानगरपालिका, छावणी परिषद, स्थानिक उद्योग आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी एकत्र येऊन केलेले हे काम जागतिक पातळीवरील एका नगरविकास पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. मला त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाटते ते अगदी साधे काम: कचरा पात्रात नेमका कोठून पडतो ती ठिकाणे शोधणे, तिथे घंटागाडी वेळेवर पोहोचेल असे पाहणे, ओढ्यांच्या तोंडाशी जाळ्या बसवून त्यांत अडकलेले प्लास्टिक नेमाने काढत राहणे. सफाई कामगारांच्या रोजच्या फेऱ्यांशिवाय एखाद्या रविवारचे श्रमदान आठवडाभरही टिकत नाही.

नहरींना मात्र अजून अशी देखरेख लाभलेली नाही. त्यांचे मार्ग आता रस्त्यांखाली आणि घरांखाली गेले आहेत. काही वर्षांपूर्वी जुन्या शहरात एका खोदकामात यंत्राच्या फाळाने खापरी नळ फुटला, तेव्हा खड्ड्यात थंड, नितळ पाणी भरू लागलेले मी पाहिले. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलेल्या त्या गल्लीतील बायका अर्ध्या तासात कळशा आणि कॅन घेऊन तिथे रांगेत उभ्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ काठावर बसून नळाचे तुकडे गोळा करत होते आणि ठेकेदाराच्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत होते, “बुजवू नका, जोडून द्या.” संध्याकाळी तो खड्डा मुरूम टाकून बुजवण्यात आला.