मोशन म्हणजे गती, हालचाल की हरकत?

मोशनला मराठीत काय म्हणतात असं विचारलं की आपण पटकन गती म्हणतो आणि मोकळे होतो, पण रोजच्या बोलण्यात "जरा गती वाढव" म्हणतो तेव्हा आपल्या मनात मोशन नसतं, स्पीड असतो. इथूनच घोळ सुरू होतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे शब्द नीट वेगळे ठेवलेले आहेत: वस्तूची जागा वेळेनुसार बदलतेय म्हणजे ती गतीमध्ये आहे, ती किती भरभर बदलतेय ती चाल, आणि किती भरभर अन् कुठल्या दिशेला हे दोन्ही एकत्र सांगितलं की तो वेग. म्हणजे गाडी ताशी 60 किलोमीटरवर ठेवून वळण घेतलं तर मीटरचा काटा हलत नाही, चाल तीच राहते, पण दिशा बदलली म्हणून वेग बदलला, आणि वेग बदलला म्हणजे त्वरण आलं, म्हणून तर आपण वळणावर एका बाजूला कलतो. मला शाळेत हे सगळं नुसतं पाठांतर वाटायचं, पण शब्द वेगळे ठेवल्याशिवाय हे कलणं समजावून सांगताच येत नाही.

इंग्रजीत मोशनचा सगळ्यात जवळचा भाऊ म्हणजे मूव्हमेंट. दोघांचं मूळ एकच, हलवणे या अर्थाचं लॅटिन क्रियापद मोव्हेरे, ज्याच्यातून मोटर, मोबाइल आणि मोमेंटमही आले, आणि इमोशनसुद्धा, कारण मन हलतं ना. मोमेंटम म्हणजे आपला संवेग, वस्तुमान गुणिले वेग, आणि न्यूटनने 1687 च्या ग्रंथात त्याला जे नाव दिलं होतं त्याचा सरळ अर्थ 'गतीचं परिमाण' असा होतो, मला तर ते आजच्या नावापेक्षा जास्त आवडतं.

पण भाऊ असले तरी दोघं सगळीकडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मूव्हमेंट म्हटलं की बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी हलवतंय असं डोळ्यापुढे येतं, हात, पाय, सैन्य, लोकांची चळवळ. मोशन म्हणजे नुसतं हलणं, कर्ता असो नसो. मराठीत हालचाल आणि गती यांच्यात साधारण हाच फरक आहे, आपण मांजराची हालचाल म्हणतो पण ग्रहाची हालचाल सहसा म्हणत नाही.

हा फरक एका माणसाला प्रयोग करून तपासावा लागला होता. 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउन हा वनस्पतिशास्त्रज्ञ परागकणांतले अगदी बारीक कण पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघत होता आणि ते कण सारखे थरथरत, इकडेतिकडे सरकत होते. परागकण सजीवाचाच भाग, तेव्हा ही जिवंतपणाची हालचाल असेल अशी शंका येणं साहजिक होतं. मग त्याने निर्जीव गोष्टींची पूड करून तीच तपासणी केली, काच, खनिजं, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडासुद्धा, आणि सगळ्यांचे कण तसेच थरथरले. म्हणजे हालचाल नव्हेच, ती नुसती गती होती. पाण्याचे रेणू सगळ्या बाजूंनी धडका देतात आणि त्या कधीच पूर्ण समसमान नसतात म्हणून कण हलतो, हे गणिताने 1905 मध्ये आइन्स्टाइनने मांडलं आणि पुढे झां पेरँने मोजून दाखवलं, अणू-रेणू खरंच असतात याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला.

आता हरकत घ्या. हा शब्द मूळचा अरबी आणि तिथे त्याचा अर्थच हालचाल! मराठीत येईपर्यंत तो अडथळा, आक्षेप असा झाला, फक्त गाण्यात गवई हरकत घेतो तेव्हा गळ्याची ती चपळ हालचाल अजून शिल्लक आहे. आणि इंग्रजीत सभेत मोशन मांडतात म्हणजे प्रस्ताव मांडतात. एकाच अर्थाच्या दोन शब्दांपैकी एक प्रस्ताव झाला आणि दुसरा त्याला विरोध, हे मला फार विलक्षण वाटतं. डॉक्टर मोशनबद्दल विचारतात तो अर्थ सगळ्यांना माहीतच आहे.

रोजच्या वापरातला विज्ञानाच्या दृष्टीने सगळ्यात भारी शब्द मात्र मोशन सिकनेस, आपली गाडी लागणे. त्याआधी गॅलिलिओचं जहाज बघू. 1632 च्या पुस्तकात त्याने लिहिलं की जहाजाच्या आतल्या बंद खोलीत फुलपाखरं, भांड्यात मासे, थेंब थेंब गळणारी बाटली असं सगळं ठेवा, जहाज थांबलेलं असो की एकसारख्या वेगाने सरळ जात असो, आत काहीच फरक दिसणार नाही. गती नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर धावतेय आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आपला कानही हाच नियम पाळतो, आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोक्याचं वळणं ओळखतात, आणि शेजारचे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे सरळ रेषेतला धक्का आणि डोक्याचं कलणं ओळखतात, पण एकसारखा सरळ वेग यांतल्या कुणालाच कळत नाही, कळतो तो फक्त बदल. गाडीत पुस्तक वाचताना डोळे सांगतात पान जागेवर आहे, कान सांगतो आपण वळतोय, हिंदकळतोय, थांबतोय, आणि या भांडणात पोट ढवळतं. चालवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही कारण पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं.

डोळ्यांची गोष्ट तर अजून वेगळी. मोशन पिक्चरमध्ये मोशन नसतंच, सेकंदाला 24 स्थिर चित्रं असतात आणि हलणं मेंदू तयार करतो. स्लो मोशनसाठी सेकंदाला 240 चित्रं घेऊन 24 च्या हिशोबाने दाखवली की सगळं दहापट सावकाश दिसतं. मेंदूत गती बघण्यासाठी खास भाग आहे आणि तो बिघडला तर काय होतं हे 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन रुग्ण महिलेच्या अभ्यासातून कळलं. तिला रंग दिसायचे, वस्तू ओळखता यायच्या, पण गती दिसत नव्हती. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसायची आणि चहा वर चढताना दिसत नसल्याने कधी थांबायचं ते कळायचं नाही. खोलीत माणसं एकदम इथे तर एकदम तिथे असायची. रस्त्यावर लांब दिसलेली गाडी, ती रस्ता ओलांडायला निघेपर्यंत एकदम जवळ आलेली असायची, म्हणून हळूहळू ती गाडीचा आवाज किती वाढतोय त्यावरून अंतर ओळखायला शिकली.