सोमालियाचं गार पाणी आणि कोकणचा पाऊस

जुलै महिन्यात सोमालियाच्या ईशान्य किनाऱ्यावर समुद्राचं पाणी कधी कधी २० अंश सेल्सिअसच्याही खाली जातं. ही जागा विषुववृत्तापासून जेमतेम दहा अंश उत्तरेला आहे आणि पाठीमागे रखरखीत कोरडा प्रदेश आहे. मे महिन्यात हेच पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, दोनेक महिन्यांत, समुद्र दहा अंशांनी गार होतो. ध्रुवाकडून थंड प्रवाह येत असावा म्हणावं, तर तिथला प्रवाह त्या दिवसांत विषुववृत्ताकडून उत्तरेला वाहत असतो. पाणी गार करणारा आहे तो वारा. मृगाच्या सुमारास आपण ज्याची वाट पाहतो तोच नैऋत्य मोसमी वारा.

पूर्व आफ्रिकेतल्या उंच डोंगररांगांना अडून हा वारा वळतो आणि सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर, नैऋत्येकडून ईशान्येकडे धावू लागतो. जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वाधिक असतो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जॉन फिंडलेटर यांनी १९६०च्या दशकात या झोताचा सविस्तर अभ्यास केला, म्हणून त्याला फिंडलेटर झोत म्हणतात.

वारा ईशान्येला वाहतो, तर पाणीही तिकडेच ढकललं जाईल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाजाच्या मोहिमेवर आर्क्टिकच्या बर्फात होते. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न सरकता त्याच्या उजवीकडे २० ते ४० अंश कललेल्या दिशेने सरकतो, हे त्यांनी टिपून ठेवलं. त्याचं गणित मांडलं ते वाग्न व्हालफ्रिड एकमन या तरुण स्वीडिश विद्यार्थ्याने. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वरचा थर वाऱ्याच्या उजवीकडे वळतो. तो आपल्या खालच्या थराला ओढतो, तो थर आणखी उजवीकडे वळतो, आणि असं करत करत जोर संपतो. सगळ्या थरांची बेरीज केली, तर पाणी वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात, उजवीकडे जातं. एकमनचं हे काम मला फार सुंदर वाटतं. बर्फाच्या तिरक्या चालीतून जगभरातल्या किनाऱ्यांचं कोडं उलगडलं.

आता सोमालियाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वाऱ्याच्या डावीकडे जमीन, उजवीकडे खुला समुद्र. पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर जातं, आणि त्याची जागा भरायला जमिनीकडून पाणी येणं शक्यच नसतं. मग ते खालून येतं. दिवसाला काही मीटर इतक्या संथ गतीने, शंभर-दोनशे मीटर खोलीवरून. यालाच समुद्रविज्ञानात अपवेलिंग म्हणतात. दक्षिण गोलार्धात पाणी डावीकडे वळतं, म्हणून पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून वाहणारा वारा तिथेही हेच घडवतो.

खालचं पाणी नुसतं गार नसतं. वरून खाली पडलेले मृत जीव तिथे कुजलेले असतात, त्यामुळे त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठलेलं असतं. ते उजेडात आलं की वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, झपाट्याने वाढतात, आणि त्यांच्यावर मासे.

कोकणाचा संबंध येतो तो बाष्पाच्या वाटेने. सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसातलं बरंचसं बाष्प अरबी समुद्रावरून उचललेलं असतं. गार पाण्यावरून बाष्पीभवन कमी होतं. म्हणजे जो वारा आपल्याकडे बाष्प वाहून आणतो, तोच वाटेत त्या बाष्पाचा उगम थोडा आटवत असतो! २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसलं: सोमालिया आणि ओमानजवळ खालचं पाणी कमी वर आलं, तर पश्चिम अरबी समुद्र उबदार राहतो आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढतो. पावसावर इतर अनेक गोष्टींचा प्रभाव असतोच, पण हा धागा सुटून चालणार नाही. शिवाय संपूर्ण अरबी समुद्र पावसाळ्यात गार होतो, त्याचं सगळं श्रेय अपवेलिंगला देता येत नाही. वाऱ्याने होणारी घुसळण, ढगांची सावली आणि बाष्पीभवन यांचाही त्यात वाटा असतो.

आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरही खालचं पाणी वर येतं, पण तऱ्हा वेगळी. केरळजवळ ते ठळक असतं, आणि तिथल्या तारलीच्या मासेमारीचं भवितव्य बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. त्याला केवळ स्थानिक वारा कारण नसतो. बंगालच्या उपसागरावरच्या वाऱ्यांनी उठवलेल्या खोल लाटा श्रीलंकेला वळसा घालून इथवर पोहोचतात. उत्तरेला गोव्यापर्यंत येताना जोर ओसरतो. त्यात पाऊस आणि नद्यांनी आणलेल्या गोड्या पाण्याचा पातळ, हलका थर वर पसरलेला असतो. त्यामुळे गार पाणी त्याच्याखालीच अडकतं आणि उपग्रहाला वरून त्याचा पत्ता लागत नाही.

अडकलेल्या त्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो, आणि कुजणारे प्लवक उरलासुरला संपवतात. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या उथळ समुद्राच्या तळाशी प्राणवायू जवळपास संपतो, काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो, आणि नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढ करणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. नद्यांतून येणारी खतं ही स्थिती आणखी बिघडवत असावीत, असा त्यांचा अंदाज होता. पावसाळा संपून किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वळला, की हे पाणी पुन्हा खाली उतरतं आणि तळापर्यंत प्राणवायू पोहोचू लागतो.