इझुना ड्रॉप

इझुना ड्रॉप : लढाईच्या व्हिडिओ गेममधील निंजा पद्धतीच्या पात्रांचा हवेतील पकडीचा डाव. यात लढवय्या उंच उडी घेऊन वरून प्रतिस्पर्ध्यावर येतो, त्याला धरतो आणि उलटा करून जमिनीवर आपटतो. मूळ जपानी नाव ‘इझुना ओतोशी’ असे असून ‘ओतोशी’ म्हणजे पाडणे. हे नाव गेमच्या आधीचे आहे : सान्पेई शिरातो यांच्या १९६४ पासून प्रसिद्ध झालेल्या चित्रकथेतील कामुई या निंजाचा हा ठेवणीतला डाव होता.

गेममध्ये तो गाजला कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर २’मधील (१९९१) वेगा या पात्रामुळे. वेगा हा मुखवटा घातलेला, हाताला लोखंडी नखे बांधलेला स्पॅनिश लढवय्या. बैलझुंज आणि निंजुत्सु (निंजांची युद्धकला) यांचे मिश्रण ही त्याची शैली. जपानी आवृत्तीत त्याचे नाव बालरॉग आहे. तेथील मुष्टियोद्ध्याचे नाव माइक टायसनच्या नावाशी फारच मिळतेजुळते असल्याने परदेशी आवृत्तीत तीन पात्रांची नावे आपसांत फिरवली गेली, आणि तेव्हापासून जाणकार खेळाडू गोंधळ टाळण्यासाठी त्याला नुसते ‘क्लॉ’ (नखे) म्हणतात. पहिल्या आवृत्तीत वेगा संगणकाच्याच ताब्यात होता. १९९२ च्या ‘चँपियन एडिशन’मध्ये तो खेळाडूंच्या हाती आला.

डावाची सुरुवात ‘फ्लाइंग बार्सिलोना’ने होते. दांडी (जॉयस्टिक) सुमारे सेकंदभर खाली दाबून धरायची आणि मग वर ढकलताना लाथेचे बटण दाबायचे. वेगा पडद्याच्या कडेच्या भिंतीवर झेपावतो आणि तिथून उसळी घेतो. आता पुढे दोन वाटा आहेत. नुसते ठोशाचे बटण दाबले तर नखांचा वार होतो, जो अडवता येतो. प्रतिस्पर्ध्याच्या अगदी जवळ पोहोचून दांडीला दिशा देत तेच बटण दाबले तर इझुना ड्रॉप बसतो, आणि ही पकड असल्याने बचावाची पोझ घेऊन ती अडवता येत नाही. डावाचे खरे बळ फेकीच्या जोरात नसून या उशिरा होणाऱ्या निवडीत आहे. हवेत असताना दांडीने वेगाला मागेपुढे सरकवता येते, त्यामुळे तो नेमका कुठे उतरणार, हेही समोरच्याला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. शिवाय दांडी खाली-मागे धरली की बसून बचाव आणि डावाची तयारी एकाच वेळी होते.

पुण्याच्या पेठांतील तालमींत डाव, पेच आणि तोड हे शब्द ज्या अर्थाने चालतात, त्याच अर्थाने ते इथे चपखल बसतात. भिंतीवरून घेतलेली उसळी पाहून पुणेकराला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब आठवला तर नवल नाही. मात्र मल्लखांबावर प्रतिस्पर्धी नसतो, हा फरक मोठा आहे. १९९० च्या दशकातील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये दोघे एकाच मशीनपुढे खांद्याला खांदा लावून उभे राहत. अशा वेळी शेजाऱ्याचा डावा हात दांडी खाली दाबून थबकलेला दिसला, की पडद्यावर काही घडण्याआधीच डाव ओळखता येई. हा डाव घरच्या कन्सोलपेक्षा पार्लरमध्ये लपवणे अवघड, ते यामुळेच.

तोडही वेळेचीच आहे. र्यू किंवा केन ही त्याच गेममधील पात्रे वेगा खाली येताना ‘शोर्युकेन’ (उडी घेत वर मारलेला ठोसा) मारू शकतात; फार लवकर मारला तर मात्र वेगा बाजूला सरकतो आणि मारणारा उघडा पडतो. उलट हादोकेन (हातांतून सोडलेला ऊर्जेचा गोळा) फेकणाऱ्याला शिक्षा देण्यास हा डाव सोयीचा, कारण वेगा त्यावरून निघून जातो.

‘फायनल फाइट’मधून (१९८९) आलेला गाय हा ‘स्ट्रीट फायटर आल्फा’त (१९९५) हाच डाव भिंतीविना करतो : दांडी खालून पुढे वळवून ठोशाने उडी, आणि जवळ असताना पुन्हा ठोसा दाबला तर फेक, दूर असताना कोपराचा आघात. ‘स्ट्रीट फायटर ६’मधील (२०२३) त्याची शिष्या किंबर्ली तो धावत येऊन घेतलेल्या उडीतून साधते. कॅपकॉमबाहेर टेक्मो या कंपनीच्या गेममधील रियू हायाबुसा या निंजाचा इझुना ड्रॉप प्रसिद्ध असून, २००४ च्या ‘निंजा गायडेन’मध्ये तो शत्रूला आधी वर उडवतो, मग धरून गिरक्या घेत त्याला डोक्यावर आपटतो.