तासिका, पुस्तक आणि प्रश्नपत्रिका : महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला पुण्याहून निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची एक आटोपशीर यादी त्यात आहे : मोडी आणि बालबोध लिपीत वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्य यांवरचे काही धडे. सावकाराचे कागद आणि गावचे दप्तर मोडीत असायचे. कुळाच्या मुलाला ते स्वतः वाचता आले तर त्याला फसवणे अवघड होते, हे लक्षात घेतले की यादीत मोडी का आहे ते कळते. खेड्यातल्या शाळेचा अभ्यास मोठ्या गावापेक्षा थोडा असला तरी चालेल, पण शाळेला नमुन्याची शेती जोडलेली असावी, असे त्यांनी सुचवले. तेव्हा वापरात असलेली मराठी क्रमिक पुस्तके व्यवहाराच्या कामाची नाहीत, ती नव्याने करावीत, हीही सूचना होती. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला, वेळ पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हातात धरू शकणारा असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

अभ्यासक्रम रचताना जे प्रश्न विचारावे लागतात ते सगळे या एका परिच्छेदात येऊन जातात. कोणाच्या मुलांसाठी शिकवायचे, कशासाठी, किती, कोणत्या पुस्तकातून आणि कोणी? या क्रमाने विचार करणारा दस्तऐवज आपल्याकडे त्यानंतर बराच काळ झाला नाही. प्रत्यक्ष शाळेचा अभ्यास वेगळ्याच दोन ठिकाणी ठरत होता. एक म्हणजे १८५५ मध्ये सुरू झालेले सरकारी शिक्षण खाते आणि इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली पुस्तके. दुसरे म्हणजे १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ. त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि इंग्रजी शाळांचा अभ्यास त्या परीक्षेने वरून खाली आखला. मॅट्रिकला, म्हणजे या प्रवेश परीक्षेला, जे विचारतात ते इंग्रजी सातवीत, त्यासाठी जे लागते ते सहावीत, असा उलटा जिना. हा जिना पुढे कोणत्याच सुधारणेला पुरता मोडता आला नाही.

मोडण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न वर्ध्याला झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबरात अहवाल तयारही झाला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली. गांधीजींची कल्पना थोडक्यात अशी : सात ते चौदा वयाच्या मुलांना सात वर्षे मातृभाषेतून शिक्षण, मध्यभागी एक हस्तोद्योग आणि बाकीचे विषय त्या उद्योगाला जोडून. हीच नयी तालीम किंवा बुनियादी शिक्षण. नयी तालीम म्हणजे चरखा, एवढेच अनेकांच्या डोक्यात असते. अहवालातले वेळापत्रक मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि खरी क्रांती तिथे आहे. रोजचे साडेपाच तास असे वाटले होते : मूलोद्योग ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषा ४० मिनिटे, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटे, व्यायाम १० मिनिटे आणि मधली सुट्टी १० मिनिटे. वर्षाला २८८ कामाचे दिवस धरले होते. गणिताला इतका कमी वेळ दिला होता, कारण बरेचसे गणित सुतातच होणार असे गृहीत होते.

ते होतही असे. एक तार चार फुटांची, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे एका गुंडीत २,५६० फूट सूत. किती पेळू (पिंजलेल्या कापसाच्या वळ्या) लागले, किती सूत निघाले, घट किती, मजुरी किती, याचा रोज हिशेब ठेवला की गुणाकार, भागाकार, सरासरी आणि शेकडेवारी ओघाने येतात. या जोडणीला ‘समवाय’ म्हणत. पण समवाय ताणला की तुटतो. उद्योगाचा क्रम आणि विषयाचा क्रम एक नसतो. सूत मोजताना दशांश अपूर्णांक आधी भेटू शकतो, साधा अपूर्णांक नंतर. भूगोलात कापसाची काळी जमीन सहज येते. बर्फाळ प्रदेश, ग्रहणे किंवा कविता ओढूनताणून चिकटवाव्या लागतात. हा जोड रोज घालू शकेल असा शिक्षक हवा आणि तो काही आठवड्यांच्या प्रशिक्षणात तयार होत नव्हता. शिवाय शाळेने आपला खर्च उत्पादनातून भागवावा, या कलमावर के. टी. शाह यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांचा आक्षेप होता : मुलांनी केलेला माल बाजारात आला की कारागिरांच्या पोटावर पाय येईल. आणि सगळ्यात साधी अडचण अशी, की सात वर्षे बुनियादी शाळेत शिकलेल्या मुलाला पुढे मॅट्रिकच्याच जिन्याने जायचे होते. त्या परीक्षेत सुताला गुण नव्हते. पालकांना हे पहिल्या वर्षीच कळले.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) हाच विचार ‘कार्यानुभव’ या नावाने पुन्हा मांडला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटले. तीन तास वीस मिनिटांचा मूलोद्योग आठवड्याच्या एक-दोन तासिकांवर आला आणि मूल्यमापन श्रेणीवर. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर ज्या तासिका मागून घेतात, त्यांत ही पहिली असते.

त्याच सुमारास आज ओळखीची असलेली यंत्रणा उभी राहिली. १९६५ च्या कायद्याने आलेले माध्यमिक मंडळ १९६६ पासून काम करू लागले आणि २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाली. १०+२+३ हा आकृतिबंध आल्यावर १९७५ मध्ये अकरावीऐवजी दहावीला शालान्त परीक्षा झाली आणि १९७७ मध्ये पहिली बारावी. अकरा वर्षांचे काही गणित-विज्ञान दहा वर्षांत बसवावे लागले. ओझ्याची तक्रार तिथून सुरू झाली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. प्रश्नपत्रिकेची भाषाही याच काळात बदलली. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या १९५६ च्या वर्गीकरणावरून ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य हे रकाने आले आणि त्यांतून संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, तयार झाला : उभ्या रकान्यांत उद्दिष्टे, आडव्या ओळींत घटक, प्रत्येक चौकटीत प्रश्नप्रकार आणि गुण. हे चांगले हत्यार आहे. पण तक्ता आधी आणि पाठ नंतर अशी सवय लागली की लेखकही धड्यात ‘विचारता येईल’ असाच मजकूर घालू लागतो.

पाठ्यपुस्तक लिहिताना कोणता हिशेब करावा लागतो हे इथे सांगायला हवे, कारण आराखड्यांच्या चर्चेत तो कधीच येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीला २२० दिवस व १,००० तास किमान ठरवले आहेत. आठवीच्या गणिताला रोज एक तासिका धरा : २२०. चाचण्या आणि सत्र परीक्षांचे २० दिवस, क्रीडास्पर्धा, संमेलन आणि सहल यांचे १०, उजळणीचे १५ काढले की १७५ उरतात. तासिका ३५ मिनिटांची, म्हणजे सुमारे १०२ तास. पुस्तकात सोळा प्रकरणे असतील तर प्रत्येकाला अकरा तासिका येतात. त्यात नवी संकल्पना, सराव, वह्या तपासणे आणि मागे पडलेल्यांकडे पुन्हा वळणे सगळे आले. समितीतला प्रत्येक तज्ज्ञ ‘एवढे तरी हवेच’ म्हणून एकेक घटक घालतो आणि हे अकरा आठवर येतात. शिवाय छपाई फर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटांत, होते. सोळा पानांचा फर्मा धरला तर १२८ पानांचे पुस्तक आठ फर्म्यांचे. मजकूर १३४ पानांवर गेला की सहा पाने कापायची असतात आणि कात्री नेहमी सोडवलेल्या उदाहरणांवर चालते. ज्या मुलाला घरी विचारायला कोणी नाही, त्याला तीच हवी असतात.

१९९१ मध्ये आर. एच. दवे समितीने किमान अध्ययन पातळ्या दिल्या. प्राथमिक स्तरावर प्रत्येक मुलाला निदान काय आलेच पाहिजे ते लिहून काढायचे, हा विचार समतेचा होता आणि योग्य होता. भाषेची नऊ क्षेत्रे, गणिताची पाच, आणि प्रत्येक क्षमतेला क्षेत्र, इयत्ता व अनुक्रम दाखवणारा तीन आकड्यांचा क्रमांक. महाराष्ट्राचा १९९५ चा क्षमताधिष्ठित प्राथमिक अभ्यासक्रम यावर उभा राहिला. कसोटी अशी, की वर्गातल्या ८० टक्के मुलांनी ८० टक्के क्षमता मिळवाव्यात. चाळीसच्या वर्गात बत्तीस मुले. उरलेली आठ मुले कोणती, हे पहिलीतच ठरून जायचे आणि बहुतेकदा चौथीपर्यंत तीच राहायची. नोंदवहीत विद्यार्थ्यांची नावे एका बाजूला, क्षमतांचे क्रमांक दुसऱ्या बाजूला आणि मध्ये बरोबरच्या खुणा. वाचनाचे असे तुकडे पडले की मूल प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे ‘पास’ होते आणि तरी गोष्ट वाचून समजून घेऊ शकत नाही.

म्हणून पुढची लाट उलट दिशेने आली. यशपाल समितीचा १९९३ चा ओझ्याविषयीचा अहवाल, त्यांच्याच अध्यक्षतेखालचा २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, मग महाराष्ट्राचा २०१० चा आराखडा आणि २०१२ चा प्राथमिक अभ्यासक्रम. मूल स्वतः ज्ञान रचते, ही भूमिका घेऊन ऑगस्ट २०१० पासून आकारिक (शिकताना चालणारे) आणि संकलित (सत्राअखेरचे) अशी दोन भागांची मूल्यमापन पद्धत आली. आकारिकमध्ये निरीक्षण, प्रात्यक्षिक, प्रकल्प, तोंडी काम. कागदावर ती उत्तम होती. साठ मुलांच्या वर्गात मात्र प्रत्येकाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना ‘वर्गात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य साठ वेळा उतरवले गेले. दुकानांत नोंदींच्या तयार पुस्तिका विकायला आल्या. २०१७ मध्ये अध्ययन निष्पत्ती, म्हणजे प्रत्येक इयत्तेत मुलाला काय यावे याच्या याद्या, आल्या, तेव्हा जुन्या शिक्षकांना त्यांत १९९५ चा चेहरा दिसला आणि त्यांचे फारसे चुकले नाही.

कल्पना चांगली असूनही ती उतरवताना काय होते, याचे २०१९ हे वर्ष दुहेरी उदाहरण आहे. जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्यावाचनाची ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत दिली गेली. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचे कारण अध्यापनशास्त्रीय होते. मराठीत एकक आधी बोलतात, अंक मात्र दशकापासून लिहितात. ‘त्रेपन्न’ ऐकलेले मूल आधी तीन लिहिते, मग पाच, आणि ५३ चे ३५ होते. एकोणतीस, एकोणपन्नास हे तर वजाबाकीचे शब्द. आणि ‘त्र्याण्णव’सारखी जोडाक्षरे सात वर्षांच्या मुलाच्या जिभेला जड. तेलुगू, कन्नड, तमिळमध्ये ही अडचण नाही, कारण तिथे दशक आधी येते. पण संख्यानावे फक्त गणिताच्या तासाला वापरत नाहीत. बाजारात, घरात, बसच्या तिकिटावर ‘त्रेपन्न’च चालते. पालकांना आणि शिक्षकांना पुरेशी पूर्वकल्पना न देता बदल थेट पुस्तकात दिसला आणि वाद विधानसभेपर्यंत गेला. दोन्ही पद्धती शेजारी ठेवून वर्षभर काही शाळांत करून पाहिले असते, तर पुराव्यावर बोलता आले असते. आपल्याकडे नव्या पुस्तकाला असे वर्ष क्वचितच मिळते.

दुसरे उदाहरण दहावीचे. २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढले आणि शंभराची लेखी परीक्षा ठेवली. शाळा हे गुण सढळ हाताने देतात, ही तक्रार खरी होती. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो मार्च २०१९ च्या परीक्षेत ७७.१० वर आला. त्याच वर्षी पुस्तकही नवे होते, त्यामुळे घसरणीतला किती भाग कशाचा हे वेगळे काढता येत नाही. अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. तोंडी परीक्षा भाषेसाठी आवश्यकच आहे. प्रश्न ती कोण घेतो आणि कोण पडताळतो हा होता. त्याला कोणी हात लावला नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरचा बदल आता सुरू आहे. त्यात पहिलीपासून तिसऱ्या भाषेवर जो वाद झाला, त्यात १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, १७ जूनची दुरुस्ती आणि २९ जूनला दोन्ही मागे घेणे, एवढे सगळे अडीच महिन्यांत घडले. अस्मितेच्या गदारोळात एक व्यावहारिक प्रश्न बाजूला पडला : सहा वर्षांच्या मुलाच्या आठवड्यात या तासिका कोणत्या विषयातून काढायच्या?

वाद भाषेचा असला तरी पुस्तकांच्या क्रमाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. जाहीर वेळापत्रकानुसार २०२५-२६ मध्ये पहिली. २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. २०२७-२८ मध्ये पाचवी, सातवी, नववी व अकरावी. आणि २०२८-२९ मध्ये आठवी, दहावी व बारावी. म्हणजे नववीचे पुस्तक आठवीच्या एक वर्ष आधी बदलणार. मागच्या फेरीतही हेच झाले होते : नववी २०१७ मध्ये, आठवी २०१८ मध्ये. तेव्हा लागोपाठ दोन तुकड्या जुनी आठवी शिकून नव्या नववीत गेल्या आणि बैजिक राशी व भूमितीतले दुवे त्यांना जूनमध्ये घाईने जोडून द्यावे लागले. या वेळी सेतू अभ्यास करायचा असेल तर तो नववीचे हस्तलिखित तयार होतानाच करावा लागेल : प्रत्येक प्रकरणासमोर नव्या आठवीतले कोणते घटक गृहीत धरले आहेत ते लिहायचे, त्यांतले जुन्या आठवीत नसलेले वेगळे काढायचे, आणि तेवढ्यासाठी पहिल्या सत्रात पंधरा तासिका आधीच राखून ठेवायच्या. पुस्तक छापून झाल्यावर या पंधरा तासिका कुठूनही निघत नाहीत.