एका ‘जी’ने घोटाळा केला: बजेट गेमिंग पीसीचा प्रोसेसर आणि बोर्ड

परवा मामेभावाने व्हॉट्सॅपवर एका दुकानाचं कोटेशन पाठवलं, दादा बघ ना बरोबर आहे का. रायझन 5 5600जी प्रोसेसर, ए520 चिपसेटचा बोर्ड (मदरबोर्ड), 16 जीबी रॅमची एकच स्टिक, वेगळा कूलर आणि चार रंगीत पंख्यांचं कॅबिनेट. ग्राफिक कार्ड त्याने मित्राकडून जुनं घेऊन ठेवलंय, रेडिऑन आरएक्स 6500 एक्सटी, 4 जीबीवालं. तसं बघितलं तर चूक काहीच नाही, सगळं एकमेकांत बसतं, चालूही होईल. फक्त पैसे भलतीकडेच चाललेत.

आधी गेममध्ये प्रोसेसर करतो काय ते बघू. 60 एफपीएस म्हणजे सेकंदाला 60 चित्रं (फ्रेम), एका फ्रेमला साधारण 16.6 मिलिसेकंद. तेवढ्यात शत्रू कुठे पोचला, गोळी कुणाला लागली, भिंत पडली का, हे सगळं प्रोसेसरने ठरवून कार्डाला सांगायचं आणि मग कार्ड चित्र काढणार. दोघांत जो हळू, गेम त्याच्या चालीने चालतो. कार्डाला फ्रेममागे 15 मिलिसेकंद लागत असतील तर प्रोसेसरने आपलं काम 8 मध्ये उरकलं काय नि 5 मध्ये उरकलं काय, स्क्रीनवर फरक शून्य, म्हणून कमी बजेटमध्ये बारा कोरच्या (कोर म्हणजे चिपमधला एकेक कामगार) मागे लागू नका, 6 कोर 12 थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) पुष्कळ झाले. पण व्हॅलोरंटसारखा गेम सगळी सेटिंग लो करून खेळला की उलटं होतं, कार्ड लवकर मोकळं होतं आणि प्रोसेसरची वाट बघत बसतं. आमचा हिरो दिवसभर तेच खेळतो.

आता तो ‘जी’. 5600 आणि 5600जी दोन्ही झेन 3 (एएमडीच्या चिपची एकच पिढी), दोन्ही 6 कोरचे, त्यामुळे दुकानात एकाच दमात नावं घेतात. पण जी मध्ये ग्राफिक्स चिपमध्येच असतं आणि एल3 कॅशे निम्मा, 32 एमबीच्या जागी 16. कॅशे म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा समजा आणि रॅम म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. हळद डब्यात असली तर हात घातला की मिळाली, नसली तर चपला घालून खाली उतरा. रॅमपर्यंत जाऊन यायला साधारण 70 नॅनोसेकंद लागतात, ऐकायला काहीच नाही, पण 4 गिगाहर्ट्झवर तेवढ्यात प्रोसेसरचे 280 ठोके होतात! गेमला सारखा थोडा थोडा विखुरलेला डेटा लागतो म्हणून मोठा डबा तिथे कामाला येतो. आणि 5500 स्वस्त दिसतो म्हणून उडी मारू नका, तो म्हणजे जी मालिकेचीच चिप, ग्राफिक्स बंद केलेली, कॅशे 16च. कार्ड घ्यायचंच नसेल तर मात्र 5600जी झकास आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

दुसरी गोम रस्त्याची. 6500 एक्सटीला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) फक्त 4 लेन आहेत. या रस्त्याच्या 4.0 पिढीवर त्यातून सेकंदाला जवळपास 8 जीबी डेटा जातो, 3.0 वर निम्मा. कार्डाची 4 जीबी मेमरी भरली की उरलेला माल रॅममधून याच रस्त्याने येतो आणि गेम अडखळायला लागतो. 5600जी पण 3.0, ए520 पण 3.0. म्हणजे नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही, 5600 सोबत बी550 बोर्ड लागतो (दोन्ही 4.0), जोडी म्हणूनच बघायचं. 8 किंवा 16 लेनच्या कार्डाला हा त्रास फारसा जाणवत नाही, तिथे बी450 पण चालेल, फक्त जुना स्टॉक असेल तर दुकानातूनच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून आणा नाहीतर मशीन चालूच होणार नाही.

बोर्डाने एफपीएस वाढत नाही हे खरं, पण वीज तोच देतो. 5600 जोरात चालला की 76 वॉटपर्यंत घेतो, आणि बोर्डावरच्या व्हीआरएमला 12 व्होल्टचे साधारण 1.2 करून द्यायचे असतात, म्हणजे 60 अँपियरच्या वर करंट (गीझरचा सॉकेट 16 अँपियरचा असतो). व्हीआरएमवर हीटसिंक आहे का एवढं बघा. बाकी आरजीबी दिवे वगैरे सोडा.

रॅम 8-8 च्या दोन स्टिक. डीडीआर4 3200 ची एक स्टिक सेकंदाला 25.6 जीबी देते, दोन चॅनेलवर दोन लावल्या की 51.2, आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करायचं, नाहीतर 3200 ची रॅम बहुतेक वेळा 2400 किंवा 2666 वरच रांगते.

इंटेलमध्ये आय5 12400एफ पण तोडीस तोड आहे, फक्त बोर्ड डीडीआर4चा की डीडीआर5चा ते बघून घ्या, खाचा वेगळ्या असतात, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. पुढे अपग्रेड करायचाच असेल तर थोडे जास्त घालून एएम5 (एएमडीचा प्रोसेसर बसवायचा नवा सॉकेट) घ्या, 5600 चा एएम4 आता शेवटाला आलाय.

तर भावाने जी काढला, बी550 घेतला, रंगीत पंखे आणि वेगळा कूलर कापला कारण 5600 च्या बॉक्समध्ये पंखा येतोच. मशीन जोडलं त्या रात्री साडेअकराला फोन, दादा स्क्रीन काळी, तुझ्यामुळे पैसे गेले. केबल त्याने बोर्डाच्या एचडीएमआयला लावली होती. जी नसला की ते भोक मुकं असतं, केबल कार्डाला लावायची.