कोळीवाडा कुठून सुरू होतो?

ताजं म्हावरं खायला नवी मुंबईतल्या दिवाळ्याला, सारसोळेला किंवा ठाण्यातल्या चेंदणीला पहिल्यांदा येणारा पाहुणा बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, कोळीवाडा कुठे आहे? विचारतो तेव्हा तो कोळीवाड्यातच उभा असतो. समोर तीन-चार मजली घरं, खाली वाहनं, गल्ल्या जेमतेम रिक्षा जाईल एवढ्या. हाँगकाँगमधल्या ताय ओ गावाचे फोटो अनेकांनी पाहिलेले असतात. पाण्यात रोवलेल्या खांबांवरची घरं, घराखाली बांधलेल्या होड्या. मच्छीमारांचं गाव म्हटलं की तेच चित्र डोळ्यांपुढे येतं आणि ते इथे दिसत नाही.

ठाणे खाडीला उधाणाची भरती चार-पाच मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला तेवढीच खाली जाऊन अर्धा-पाऊण किलोमीटर चिखल उघडा पाडते. इथल्या कोळ्याने घर खाडीत बांधलं नाही, काठाच्या उंचवट्यावर, जोत्यावर बांधलं. खांब मात्र त्याच्याकडेही आहेत. खाडीत रोवलेल्या खुंटांना डोलीचं, म्हणजे पिशवीसारखं, जाळं बांधलं जातं. भरती-ओहोटीचा ओढ त्यात मासळी आणून भरतो, माणसाने फक्त वेळ साधायची. जमिनीवर खांब आणि आडव्या काठ्यांच्या वलांडी उभ्या राहतात, त्यांवर बोंबील सुकतात. जवळा मोकळ्या अंगणात पसरतात. याखेरीज होड्या ओढायची जागा, जाळी विणायची आणि दुरुस्त करायची जागा, चिखलातून धक्क्याकडे जाणारी वाट. गाव म्हणजे हे सगळं. घरं हा त्याचा एक भाग, आणि कागदावर आला तो तेवढाच. पुढची जवळजवळ सगळी भांडणं या एका गोष्टीतून निघाली आहेत.

जुना इतिहास थोडक्यात. साष्टी, पोर्तुगीज, मराठे, बेलापूरचा किल्ला हे बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतं. कोळीवाड्याच्या दृष्टीने त्यातली एक घटना महत्त्वाची. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि १८५४ मध्ये खाडी ओलांडून कल्याणला गेली. चेंदणीची वस्ती तेव्हापासून रुळांच्या दोन्ही अंगांना आहे. आज ठाणे स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडणाऱ्या लाखो लोकांपैकी फार थोड्यांना कळतं की आपण एका कोळीवाड्याच्या मधून चाललो आहोत. पूर्वेकडच्या मीठबंदर या नावात तर मासळीच्या शेजारचा दुसरा धंदाही शिल्लक आहे. खाडीकाठच्या आगरी घरांचं पोट मिठागरांवर आणि खारजमिनीतल्या भातावर होतं, कोळ्यांचं पाण्यावर. एकाच गावात दोन्ही समाज, एकाच खाडीची दोन कामं.

खरी उलथापालथ १९७० नंतरची. मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवायचं ठरलं. त्यासाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरवून दिलं गेलं. सिडको या सरकारी महामंडळाकडे नियोजनही आलं आणि जमीनही. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. तोवर मुंबईहून गाडीने इकडे यायचं तर ठाण्याला वळसा पडायचा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत १९६० च्या दशकापासूनच रसायनांचे कारखाने उभे राहत होते. त्यांचं पाणी कुठे गेलं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खाडीवर जगलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो आधी नाहीशा झालेल्या मासळीची नावं घेतो आणि मग पाण्याच्या रंगाबद्दल बोलतो.

भूसंपादनाच्या लढ्याची गोष्ट सहसा शेतकऱ्यांची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला, पाच जण मारले गेले. त्या रक्ताची किंमत म्हणून पुढे, १९९० मध्ये, साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित भूखंड म्हणून मूळ मालकाला परत. न्याय होता, उशिरा का होईना. पण योजनेचा पाया सातबारा होता. ज्याचं नाव उताऱ्यावर, त्याला भूखंड. खाडीचा सातबारा नसतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाचा नसतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या जिथे जवळा सुकवला त्या सरकारी मोकळ्या जागेवर कोणा एकाचं नाव नसतं. शेत गेलेल्याला निदान दाखवायला कागद होता. खुंट रोवायची जागा गेलेल्याकडे तोही नव्हता. हा भेद त्या वेळी कोणी मुद्दाम केला असं मी म्हणत नाही, पण तो झाला, आणि त्याची भरपाई आजही पूर्ण झालेली नाही.

इथेच ‘गावठाण’ आणि ‘कोळीवाडा’ या दोन शब्दांचा गुंता येतो. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. कायदा तसं करत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. गावठाण म्हणजे गावातली राहती जागा, घरांचा पुंजका. कोळीवाडा हा शब्द त्या कलमात नाही. शेतकरी गावाला ही व्याख्या बरोबर बसते, कारण त्याचं कामाचं ठिकाण, म्हणजे शेत, वेगळ्या गट क्रमांकाने का होईना नोंदलेलं असतं. कोळी गावाला बसत नाही. त्याचं अंगण, धक्का, वलांडी, होड्यांचा तळ घरांच्या पुंजक्याबाहेर आणि बहुधा सरकारी जमिनीवर. गावठाणाची रेघ ओढली की कोळीवाड्याचा निम्मा जीव रेघेबाहेर राहतो.

त्यात कुटुंबं वाढली. गावठाणात जागा संपली तशी लोकांनी हद्दीबाहेर, स्वतःच्याच पण संपादित झालेल्या जमिनीवर घरं बांधली. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हा शब्दप्रयोग त्यातून रूढ झाला. गावठाणाच्या सीमेपासून काही अंतरापर्यंतची अशी घरं नियमित करण्याचे शासननिर्णय वेळोवेळी निघाले, २०२२ मध्येही निघाला. पण अंतर मोजायचं ते गावठाणापासून, म्हणजे फिरून तीच रेघ. आणि नियमित होतं ते घर. सुकवणीचं अंगण नियमित करा असा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा?

सागरी किनारा नियमांनी हा गुंता सुटायला हवा होता. १९९१ ची अधिसूचना आली तेव्हा भरतीरेषेजवळची बांधकामं थबकली आणि किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला घर दुरुस्त करायलाही परवानगीच्या फेऱ्या सुरू झाल्या. २०११ च्या अधिसूचनेत कोळीवाडा हा शब्द प्रथमच सन्मानाने आला. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या संबंधित नोंदींत दाखवलेल्या मच्छीमार वसाहतींचं नकाशांकन करावं, त्या वेगळ्या वर्गात टाकाव्यात आणि तिथल्या रहिवाशांना स्थानिक नियमांनुसार घरं बांधू द्यावीत, अशी तरतूद झाली. मात्र ती बृहन्मुंबईच्या हद्दीपुरती. खाडीच्या त्या काठावरचा कोळीवाडा केंद्राच्या कागदावर कोळीवाडा ठरला आणि या काठावरचा, तीच भाषा, तीच जाळी, सोयरीकही तीच असलेला, फक्त गावठाण राहिला. कोळीवाड्याची हद्द वेगळी मोजून नोंदवा, ही सीमांकनाची मागणी ठाणे आणि नवी मुंबईच्या कोळ्यांनी इतकी लावून का धरली, याचं उत्तर या एका परिच्छेदात आहे. बाहेरच्याला तो मोजणीचा किरकोळ वाद वाटतो. माझ्या मते खाडीकाठचा तोच मुख्य वाद आहे.

रेघेबाहेर राहिल्याने काय होतं हे सारसोळेला चालत जाऊन बघता येतं. गाव रस्त्याच्या एका बाजूला, धक्का दुसऱ्या बाजूला, मधे पाम बीच रस्त्यावरून सुसाट गाड्या. खांद्यावर जाळं आणि डोक्यावर पाटी घेऊन हा रस्ता रोज ओलांडणाऱ्या बाईला ‘समुद्रदर्शनी पट्टा’ या जाहिरातीतल्या शब्दाचा काय उपयोग?

पुलांचंही तसंच. रस्त्याचा पहिला पूल, मग रेल्वेचा (वाशीला लोकल १९९२ मध्ये आली), रस्त्याचा दुसरा, ऐरोलीचा, आणि आता वाशीला तिसरा. पुलांच्या बांधकामात भराव येतो, खांबांभोवती गाळ साचतो, प्रवाहाची वाट बदलते, खुंटांच्या जागा निकामी होतात. वाशीच्या तिसऱ्या पुलाच्या वेळी इथल्या मच्छीमारांची सहकारी संस्था न्यायालयात गेली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकल्पामुळे बाधित होणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांना भरपाई मिळायला हवी हे मान्य केलं आणि राज्याने त्यासाठी धोरण करावं असं सांगितलं. पुढे ते धोरण आलं. माझ्या लेखी हा गेल्या पन्नास वर्षांतला सर्वात मोठा बदल आहे. उताऱ्यावर नाव नसलेल्या माणसाचाही खाडीवर हक्क असतो, हे इथे पहिल्यांदा पैशांच्या भाषेत बोललं गेलं.

दरम्यान खाडी पक्ष्यांमुळे नावारूपाला आली. २०१५ मध्ये पश्चिम काठाचा सुमारे १,६९० हेक्टर पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीहून बोटीने रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, दाखवतात. कांदळवनांच्या तोडीवर २००५ पासून न्यायालयाचा मनाई हुकूम आहे आणि त्याने खाडी वाचली हे मान्यच करायला हवं. चिंबोरी, कोळंबी, निवटी यांची पिल्लं कांदळवनातच वाढतात, त्यामुळे यात कोळ्याचं हित आहे. पण गाळात वाढत चाललेली तीच झाडी होडीची जुनी वाटही बुजवते आणि ती मोकळी करायला परवानगी लागते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ताटात काय येतं तेही बघायला हवं. हॉटेलांच्या यादीतला ‘कोळीवाडा’ हा प्रकार, बेसनाचं लाल कुरकुरीत आवरण असलेली कोळंबी, कोळी स्वयंपाकघरातला नाही. फाळणीनंतर मुंबईत सायन कोळीवाड्याला वसलेल्या पंजाबी कुटुंबांच्या खानावळींतून तो आला आणि जागेच्या नावाने प्रसिद्ध झाला. तिथलं रेल्वे स्टेशनही पूर्वी कोळीवाडाच होतं, आता ते गुरू तेगबहादूर नगर आहे. स्टेशनाच्या पाटीवरून नाव गेलं, पदार्थात राहिलं. खाडीकाठच्या घरात कोळंबी लसूण, चिंच आणि घरच्या मसाल्यात होते. सुरमई आणि पापलेट मोठ्या बंदरांतून येतात, खाडीत ते मिळत नाहीत. खाडीची मासळी म्हणजे चिंबोरी, कोळंबी, बोईट, निवटी, शिंगाळा, आणि नशीब असेल तर जिताडा. ‘इथलं काय आहे?’ असं मावशीला सरळ विचारलं तर ती पाटीतलं वेगळं काढून दाखवते.

बाजाराची वेळ घड्याळावर नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जाळ्यात ओघ येतो, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, असतो तेव्हा पाट्या हलक्या असतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यात सुकं म्हावरं असतं. ते मे महिन्यात वाळवलेलं, म्हणजे ज्या अंगणाला अजून नकाशात नाव नाही, त्याच अंगणातलं.