लाईव्ह पेंटिंग आणि स्पीड पेंटिंग: दोन्हीकडे स्टेज, दोन्हीकडे गाणं, मग फरक काय?

गाण्याच्या कार्यक्रमात कोपऱ्यात कॅनव्हास लावून कोणी रंगवत असेल तर लोक सरसकट त्याला लाईव्ह पेंटिंग म्हणतात, आणि ते व्हिडिओ असतात ना, माणूस काळ्या कॅनव्हासवर धडाधड पांढरे फटकारे मारतो, कोणाला काही कळत नाही आणि शेवटी कॅनव्हास उलटा केला की एकदम चेहरा दिसतो, त्यालाही लाईव्ह पेंटिंगच म्हणतात. दोन्ही लाईव्ह आहेत हे खरं, पण कामं पूर्ण वेगळी आहेत.

आधी चेहरेवाल्याचं बघू, ते सोपंय. त्याला स्पीड पेंटिंग म्हणतात. साधारण एक-दोन गाण्यांत खेळ खलास. चित्र आधीच ठरलेलं असतं, घरी पन्नास वेळा गिरवलेलं असतं, कुठल्या कडव्याला डोळा आणि कुठल्या ठेक्याला केस हेसुद्धा बसवलेलं असतं. कॅनव्हास काळा का, तर सावल्या आयत्या मिळतात, फक्त उजेडाच्या जागा रंगवायच्या, निम्मं काम वाचतं. आणि उलटं का, तर उलटा चेहरा आपल्याला पटकन ओळखूच येत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत उत्सुकता टिकते. अमेरिकेतला डेनी डेंट यातलं मोठं नाव, दोन्ही हातांत मूठ मूठ ब्रश धरून गाण्यावर नाचत नाचत रॉक कलाकारांची भलीमोठी पोर्ट्रेट काढायचा, १९९४ च्या वुडस्टॉक या संगीत महोत्सवातही त्याने हे केलं होतं. याला फसवणूक म्हणू नका हं, सर्कशीतला झोका पण रोज तोच असतो, म्हणून तो सोपा होत नाही.

आता दुसरं, म्हणजे खरं लाईव्ह पेंटिंग. इथे चित्रकार पूर्ण मैफल संपेपर्यंत, म्हणजे दोन-अडीच तास उभा असतो आणि सुरुवातीला त्याला स्वतःलाच माहीत नसतं शेवटी काय निघणार. फार तर दोन-चार रंग आणि एखादा ढोबळ आकार ठरवून येतो. सुरुवात संथ असेल तर पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, टाकतो, लय वाढली की मोठा ब्रश, मध्येच कलाकाराने मूड बदलला की अर्धा तास केलेलं काम झाकून टाकायची तयारी पाहिजे. हे झाकणं सगळ्यात अवघड, कारण बघणारे हळहळतात, "अरे मघाशी किती छान होतं!" असं मागून ऐकू येतं आणि हात अडतो.

माझी कसोटी साधी आहे, गाणं बदललं तर चित्र बदललं असतं का? स्पीडवाल्याला तेवढ्याच मिनिटांचं, तेवढ्याच जोरकस ठेक्याचं दुसरं गाणं दिलं तरी चेहरा तोच येणार, त्याच्यासाठी गाणं म्हणजे घड्याळ. लाईव्हवाल्याचं चित्र बदलायलाच हवं, आणि नाही बदललं तर तो घरून ठरवून आलाय, भले तीन तास उभा राहू दे. (असे पुष्कळ असतात.)

चित्रकार कान्डिन्स्कीचं उदाहरण इथे हमखास देतात, पण ते या दोन्हींत बसत नाही. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला त्याने संगीतकार शोनबर्गचं संगीत कार्यक्रमात ऐकलं आणि त्यावरून पिवळ्याधमक रंगाचं प्रसिद्ध चित्र केलं हे खरं, पण कार्यक्रमानंतर. संगीतावरून चित्र आणि संगीतासोबत चित्र यात फरक आहे, घरी आल्यावर विचार करायला वेळ मिळतो.

सामानाचा प्रश्न दोघांनाही असतो पण त्रास लाईव्हवाल्याला जास्त. ऑइल कलर लवकर वाळत नाही म्हणून ॲक्रिलिक, तर ते दिव्यांच्या गरमीत पॅलेटवरच वाळतं, सारखं पाणी स्प्रे करत बसा, वर वाळल्यावर ते जरा गडदही होतं. आणि स्टेजचे रंगीत दिवे! एकदा लाल दिव्याखाली मी पांढऱ्या कॅनव्हासवर तासभर लाल रंगाच्या रेषा मारल्या, लाल उजेडात पांढरं पण लालच दिसतं ना, त्यामुळे मला वाटत होतं रंग नीट लागत नाहीये म्हणून अजून थापत गेलो. शेवटी पांढरे दिवे लागले तेव्हा कॅनव्हासवर नुसतं रणकंदन. तेव्हापासून क्लिपचा पांढरा लाईट स्वतःचा नेतो, आणि ईझलचे, म्हणजे कॅनव्हासच्या स्टँडचे, पाय टेपने चिकटवतो कारण मोठ्या स्पीकरशेजारी बेसने कॅनव्हास थरथरतो.

आयोजक असाल तर बुक करताना चित्रकार काय विचारतो ते ऐका. "गाणं नेमकं कुठलं, किती मिनिटांचं, आधी ट्रॅक पाठवा" म्हटलं तर तो स्पीडवाला, त्याला स्टेजच्या मध्यभागी जागा द्या. "मला कलाकार दिसतील का, लाईट कुठला, आणि शेवटचं गाणं आलं की कोणी खूण करेल का" म्हटलं तर तो दुसरा, त्याला बाजूला ठेवा पण ती खूण करायला माणूस नक्की ठेवा.